प्रवरेकाठचे गोचीड

परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "बिबट्या दिसला का?"

नाही दिसला. रतनवाडीपासून प्रवरासंगमापर्यंत आम्ही नदीच्या काठाकाठाने चालत आलो. बरेचसे मुक्काम उघड्या रानात तंबू ठोकून केले आणि वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक गावाने आम्हाला बिबट्याची भीती घातली. गोचिडाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. बिबट्या आम्हाला टाळून गेला असावा. गोचिडांनी टाळलं नाही.

आम्ही म्हणजे मी आणि माझे सासरे. लोकांना याचंच जास्त नवल वाटतं. माझं केडगावला चष्म्याचं दुकान आहे. आप्पांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, संगमनेरला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज होतं. सत्तरीला आले तरी अंग दोरखंडासारखं पिळदार. गॅरेज बंद केल्यावर एकदा जेवताना ते सहज बोलून गेले, "सगळा जन्म प्रवरेच्या काठाला गेला, पण बघितला तो मधलाच तुकडा. ही निघते कुठून आणि जाते कुठं, कधी म्हणून पाहिलं नाही." माझी बायको मेघना माझ्याकडे बघायला लागली. तिच्या नजरेचा अर्थ मला कळतो. मी म्हणालो, "आप्पा, मी येतो."

खरं सांगायचं तर तोवर आमचं बोलणं हवापाण्यापलीकडे फारसं गेलेलं नव्हतं. ते मला जावईबापू म्हणायचे, मी त्यांच्यासमोर पाय पसरून बसायचो नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना नुसत्या बनियनवर कधी पाहिलं नव्हतं.

रतनवाडी

दिवाळी होऊन गेली होती. पाऊस थांबल्याला फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे रतनगडाच्या पायथ्याला गवत कमरेएवढं उभं होतं, खाली ओलं आणि वर पिवळं पडत चाललेलं. अमृतेश्वराचं देऊळ बघून आम्ही धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला जागा शोधत होतो, तेव्हा गाई वळवून आणणाऱ्या हिराबाई भेटल्या. त्यांनी आमच्या पाठीवरची ओझी पाहिली, मग आप्पांचे पांढरे केस पाहिले.

"बाबा, रानात नका निजू. बिबट्या हिंडतो. आमच्या पडवीत निजा."

आप्पांनी हात जोडले. "मावशी, पडवीत आयुष्यभर निजलोय. आता जरा बाहेर निजू द्या."

हिराबाईंनी मग आग्रह सोडला, पण नाचणीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी आणून दिली. खुरासणी आमच्याकडे नगरला कुणाला फारशी माहीत नाही. काळी, तेलकट, किंचित कडवट आणि नाचणीबरोबर अशी काही लागते की आप्पांनी बोटं चाटली. तंबूपुढून पाणी दिसत होतं, मागे रतनगड. गाईंच्या पायवाटेला लागून गवत मऊ होतं म्हणून आम्ही तिथेच पथारी टाकली. आमच्या अडाणीपणाची सुरुवात तिथे झाली.

सकाळी पायमोजे घालताना घोट्याशी काहीतरी टोचलं. कुसळ असेल म्हणून नखाने ओढलं, तर ते निघेना. कुसळाला पाय नसतात, याला होते. चष्मेवाल्याच्या खिशात भिंग असतंच. ते डोळ्याला लावून पाहिलं आणि मी घोटा विसरून बघतच बसलो. तिळाएवढा चपटा तपकिरी जीव, तोंड माझ्या कातडीत खुपसलेलं आणि मागचे पाय अगदी निवांत पसरलेले. बाजेवर पडलेल्या माणसासारखा.

"जावईबापू, काय सापडलं?"

"गोचीड, आप्पा."

"थांबा, पेटती काडी लावू. सुटतो लगेच."

मी त्यांना अडवलं. आमच्या दुकानाशेजारी जनावरांचे डॉक्टर बसतात. चहाला बसलं की ते गोचिडांवर तासभर बोलू शकतात. त्यांच्याकडून ऐकलं होतं की काडी लावली, रॉकेल लावलं, तर तो पोटातलं सगळं आपल्याच अंगात ओकतो. पकडायचं ते कातडीला अगदी चिकटून आणि सरळ वर ओढायचं. पिळायचं नाही, चिरडायचं नाही. चष्म्याचे स्क्रू धरायचा बारीक चिमटा माझ्याजवळ होता. कातडी तंबूच्या कापडासारखी वर उचलली गेली, आणि मग गोचीड सुटून आला.

आप्पांनी तो भिंगातून पाहिला. "आठ पाय. चारचाकीच्या दुप्पट," ते म्हणाले. "आणि ब्रेक लई भारी."

मग मी चिमटा उगाचच दोनदा पुसला. शेवटी म्हणालो, "आप्पा, पाठ बघावी लागेल. आपली आपल्याला दिसत नाही."

त्यांनी गडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाठ करून, न्हाव्यापुढे बसल्यासारखे, सदरा आणि बनियन काढून बसले. पाठीवर एका जुन्या भाजल्याचा मोठा डाग होता. रेडिएटरचं उकळतं पाणी अंगावर आलं होतं, त्यांनी आपण होऊन सांगितलं. मेघनाने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. बहुधा तिलाही माहीत नसावी. खांद्याखाली दोन गोचीड निघाले. मग माझी पाळी. सासऱ्याचा खरखरीत तळवा आपल्या पाठीवरून फिरणार, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हा प्रवास केला नसता.

त्या दिवसापासून नियमच झाला. ऊन उतरायच्या आत तंबू ठोकायचा आणि चहाच्या आधी एकमेकांची तपासणी करायची. मान, कानांच्या मागे, काखा, पाठ, गुडघ्यांच्या मागच्या खळग्या. गोचिडाला ऊब आणि आडोसा लागतो. मी त्यापुढचंही सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा आप्पांनी लुंगी घट्ट केली.

"कमरेखालचं माझं मी बघतो."

जावयाने किती बोलायचं यालाही मर्यादा असते.

रंधा ते अकोले

रंध्याच्या धबधब्यापाशी आम्ही दुपारी बराच वेळ थांबलो, पण मला त्या दिवसातलं आठवतं ते धबधब्याचं पाणी नव्हे. पुढे एका शेळ्यांच्या वाटेवर आप्पांनी मला हाताने थांबवलं. वाटेवर झुकलेल्या गवताच्या पात्याच्या अगदी टोकाला एक गोचीड बसला होता. मागच्या पायांनी पातं धरलेलं आणि पुढचे दोन पाय हवेत पसरलेले. एसटीला हात करणाऱ्या प्रवाशासारखा.

"हा काय करतोय?" आप्पांनी विचारलं.

मी जवळ जाऊन हळूच फुंकर घातली. तो एकदम जागा झाल्यासारखा झाला आणि पुढचे पाय भराभर हलवायला लागला. आमचा श्वास त्याला कळत होता. आप्पांनी काठी पुढे केली तर त्याने ढुंकून पाहिलं नाही. बोट नेलं तर आसुसून पुढे वाकला. त्याला डोळे असे नसतातच म्हणे, पुढच्या पायांनीच हुंगतो. आम्ही दोघं मोठी माणसं त्या पात्यापुढे उकिडवी बसून कितीतरी वेळ त्याला चिडवत होतो. समोरून शेळ्या घेऊन येणाऱ्या बाईने आम्हाला पाहिलं आणि शेळ्यांना दुसऱ्या वाटेने वळवलं.

आम्हाला एक कळलं. गोचीड उडी मारत नाही, झाडावरून पडत नाही, मागे धावत नाही. तो फक्त वाट बघतो, आणि तीही जनावरांच्या वाटेवरच. म्हणजे आम्ही मऊ गवत बघून जिथे पथारी टाकत होतो तीच त्याची जागा. त्यानंतर आम्ही तंबू नांगरलेल्या ढेकळांत नाहीतर सपाट खडकावर ठोकायला लागलो. पाठ मोडायची, पण पाठीवर काही सापडत नव्हतं. पँटचे पाय मोज्यांत खोचले. मोजे पांढरे, म्हणजे चढणारा लगेच दिसतो. अकोल्याच्या बाजारातून असे चालत गेलो तेव्हा भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या.

अकोल्याच्या अलीकडच्या मुक्कामात आप्पा एका बांधाआड बराच वेळ गेले होते. आले ते जरा गप्प होते. मी विचारलं, "सापडला काही?" ते म्हणाले, "काही नाही." मी चहा ठेवला.

आश्वीच्या पुढे

संगमनेर ओलांडलं आणि डोंगर मागे पडले. संगमनेरला घर असूनही आप्पा घरी गेले नाहीत. "घरात शिरलो की खुर्चीत बसेन," म्हणाले. आश्वीच्या पुढे नदीच्या दोन्ही अंगांना ऊस आणि ऊसच. तोडणीवाले नुकतेच येऊन पोचले होते. त्यांच्या कोप्यांजवळ, पाचटाच्या झोपड्यांजवळ, बैल बांधलेले, आणि एक बाई बैलाच्या गळ्याखालची लोंबती पोळी चाचपत, सापडेल ते ओढून डब्यात टाकत होती. आप्पा थेट तिच्यापाशी जाऊन बसले.

डब्यात तळाला रॉकेल होतं आणि त्यात एरंडाच्या बियांसारखे टम्म फुगलेले, राखाडी गोचीड.

"एवढे मोठे?" आप्पा म्हणाले.

"ह्या माद्या हायती," ती म्हणाली. "रगत पिऊन फुगत्यात. खाली पडली की अंडी घालती आन मरून जाती. म्हनून खाली पडू द्यायची न्हाई."

"नराचं काय?"

"त्यो बारकाच ऱ्हातो." ती हसली. "तुमी कुठं चाललाव?"

"नदी जाईल तिकडं."

"म्हातारपनी?" तिने बैलाच्या कानात बोट घातलं आणि आणखी एक काढला. "आमाला तर तरनेपनीच चालून चालून वीट आला."

आप्पा नेहमीप्रमाणे काहीतरी उलट बोलतील असं मला वाटलं. पण उठताना त्यांनी नुसतं कपाळ दाबलं. डोकं दुखतंय, ऊन लागलं असेल, म्हणाले. त्या संध्याकाळी त्यांनी भाकरी अर्धी ठेवली.

बेलापूरच्या अलीकडे

कोल्हार सोडलं आणि दुसऱ्या दिवशी आप्पांना थंडी वाजून ताप भरला. नदीच्या कडेला बाभळीखाली मी त्यांना निजवलं. हात लावला तर तव्यासारखं कपाळ. तेवढ्यात शेळ्या पाण्यावर घेऊन बशीरभाई आले. बोकडांचा व्यापार करणारा, माझ्याच वयाचा माणूस. त्यांनी काही विचारपूस केली नाही. सरळ घरी जाऊन टेम्पो आणला.

घर वस्तीवर होतं. त्यांच्या पत्नी शमीमभाभींनी ओट्यावर गोधडी अंथरली. मी म्हणालो, "आम्ही बाहेर तंबू ठोकतो, तुम्हाला त्रास नको."

"आजारी मानूस तंबूत?" त्या म्हणाल्या. "आमच्या शेळ्या बी तंबूत न्हाई ऱ्हात."

जवळच्या दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिने सगळं विचारलं. किती दिवस चालताय, पाणी कुठलं प्यालात, कुठे झोपलात. "गोचीड वगैरे काही चावला होता?"

मी म्हणालो, "चावले, पण सगळे लगेच काढले. रोज बघतो आम्ही."

तिने आप्पांकडे पाहिलं. "आजोबा, अंगावर कुठं काळी खपली, जखम?"

"नाही," आप्पा म्हणाले.

तिने तापाच्या गोळ्या दिल्या, रक्त घेतलं आणि अंगावर पुरळ आलं तर लगेच या म्हणून बजावलं. दोन दिवस ताप गोळीपुरता उतरायचा आणि पुन्हा चढायचा. आप्पा तापात गॅरेजमध्ये जायचे. "गिअरबॉक्स उघडू नको रे, आधी तेल काढ," असं कुणाला तरी दरडावायचे. मला ओळखायचे, पण उशिराने. मी मेघनाला फोन केला. तिने आधी ताप किती ते विचारलं. मग म्हणाली, "मी येते. तोवर त्यांना एकटं सोडू नकोस." मी शेळ्यांच्या गोठ्याशी जाऊन उभा राहिलो. एक कोंबडी बसलेल्या शेळीच्या पाठीवर चढून तिच्या कानामागचे गोचीड वेचून खात होती, आणि शेळी डोळे मिटून मान वाकडी करत होती. एरवी मी ते भिंग लावून बघितलं असतं. मला नुसती भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शमीमभाभींनी कोमट पाणी आणून दिलं. "भाऊ, अंग पुसून काढा त्यांचं. कपडे लई घामेजलेत."

तळहात पुसताना मला ते दिसलं. बारीक लाल ठिपके. तळपायांवरही होते. मी ओट्यावरचा पडदा ओढला.

"आप्पा, लुंगी सोडावी लागेल."

"नको."

"आप्पा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मीच गाठ सोडली. जांघेत काळी, वाळलेली खपली होती, भोवती लालसर कडं. पाण्याचा फडका माझ्या हातातच राहिला.

"अकोल्याच्या आधी," ते पुटपुटले. "नखानं ओढून टाकला. चिरडला वाटतं."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"बाई होती. आन तुम्ही बसलेलात." मग थोडं थांबून, "आन तुम्ही मला घरी नेलं असतं. नदी अर्धीच राहिली असती."

मला राग आला. इतका की मी त्यांना एकेरीतच म्हणालो, "नदी कुठं पळून जात नव्हती. तू गेला असतास." बोलून झाल्यावर मला माझेच शब्द ऐकू आले. आप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. त्यांनी हळूच एक पाय बाजूला घेतला, मला नीट पुसता यावं म्हणून.

बशीरभाईंनी टेम्पो काढला. डॉक्टरने तळहात पाहिले, खपली पाहिली आणि मान हलवली. कुत्र्यांवरच्या, जनावरांवरच्या गोचिडांमुळे असा ताप येतो, ती म्हणाली. कळला तर साध्या, जुन्या औषधाने बरा होतो. कळला नाही तर वयस्कर माणसाला झेपत नाही. "आजोबा, एवढंसं सांगायचं होतं."

नवं औषध सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी स्वतःहून खायला मागितलं. भाभींनी मऊ खिचडी केली होती, वरून तूप. तेवढ्यात बसने मेघना आली. तिने बापाच्या कपाळावर हात ठेवला, मग मला बाजूला घेऊन जे बोलायचं ते बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. मग आप्पांच्या उशाशी बसून म्हणाली, "उद्या घरी."

"औषध संपेपर्यंत इथंच," आप्पा म्हणाले. "मग पुढं."

"आप्पा, हा हट्ट आहे."

"हो."

भांडण तीन जेवणं चाललं. मिटवलं ते शमीमभाभींनी, भाकरी थापता थापता. "पोरी, तुजा बाप आयकनार न्हाई. मंग तूच चाल की संगट. काय बिघडलं?"

नेवाशाकडून संगमावर

आप्पांच्या अंगात जोर येईपर्यंत आम्ही तिथेच राहिलो. निघताना बशीरभाईंनी आप्पांना बाभळीची काठी तासून दिली. पुढचं चालणं सावकाश झालं. सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं आणि मुक्काम देवळाच्या ओवरीत नाहीतर शाळेच्या व्हरांड्यात. तंबू मी पाठीवर नुसताच वाहिला. मेघनाला पहिल्या दिवशी फोड आले, दुसऱ्या दिवशी ती आमच्या पुढे चालत होती. गोचीड आता आप्पांच्या आधी तिला दिसायला लागले. नेवाशाच्या अलीकडे तर तिने आम्हा दोघांना वाटेत थांबवून, भर रस्त्यात, माझ्या सदऱ्याची कॉलर उलटून मान तपासली. शेजारून ट्रॅक्टरवाला बघत गेला.

प्रवरासंगमाला पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. आप्पा घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहून बघत राहिले. समोर नुसतं रुंद, संथ पाणी. दोन नद्या भेटताना दिसतील, पाण्याचा रंग वेगळा असेल, काहीतरी धार असेल, असं त्यांच्या मनात असावं. जाळं आवरणाऱ्या एका माणसाला त्यांनी विचारलं, "प्रवरा कुठं संपते हो?"

"आता कसं सांगनार?" तो म्हणाला. "धरनाचं पानी मागं चढलंय. समदं एकच झालंय हितं."

आप्पांनी मान डोलावली. नाराज झाले का, मी विचारलं. ते म्हणाले, "नाही. बघितलं, बास."

मग त्यांचं लक्ष काठाकडे गेलं. पुण्याच्या बाजूने आलेलं वाटावं असं एक तरुण जोडपं उंच गवतात चटई पसरून डबा उघडत होतं. जवळच म्हशी चरत होत्या. आप्पा काठी टेकत तरातरा निघाले. आम्ही मागे.

"अहो, तिथं बसू नका. गवतात गोचीड असतात. मला चावला होता, मरता मरता वाचलो."

पोरगा घाबरून उठला. "बाप रे. कुठं चावला, काका?" त्याला गाव विचारायचं होतं.

"जांघेत!" आप्पा एवढ्या मोठ्याने म्हणाले की जाळंवाल्याने वर पाहिलं. "हितं, उजव्या अंगाला. लपवला मी. लपवायचा नाही, कळलं का? एकमेकांचं बघायचं."

मेघनाने तोंडावर ओढणी घेतली. त्या दोघांनी निमूट चटई उचलली आणि पायऱ्यांवर येऊन बसले. आप्पाही येऊन त्यांच्या खालच्या पायरीवर बसले, बूट-मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले.